चाकणला पहिली नोकरी: गेटच्या आत जाण्याआधीची तयारी

डिप्लोमाचे निकाल लागले की चाकण, तळेगाव, रांजणगावच्या गेटांवर हातात फाइल धरलेली पोरं-पोरी दिसायला लागतात. बीड, लातूर, जळगाव, यवतमाळ, कुठून कुठून आलेली. चाकणला मर्सिडीज, फोक्सवॅगन, बजाज, महिंद्रा. तळेगावला ह्युंदाई, जेसीबी. रांजणगावला फियाट, एलजी. ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण खरी भरती या मोठ्या नावांपेक्षा त्यांना पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडर कंपन्यांत जास्त होते, आणि पहिली नोकरी बहुतेकांना तिथेच लागते. मी अशाच एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला बसतो.

हे लिहितोय ते मेकॅनिकल, प्रॉडक्शन, ऑटोमोबाइल, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा फिटर, टर्नर, मशिनिस्टचा आयटीआय झालेल्यांसाठी. वाळूज, सातपूर-अंबड, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी किंवा गोव्यातलं वेर्णा, कुठेही गेलात तरी रीत थोड्याफार फरकाने हीच.

सगळ्या तयारीचं सूत्र एकच: बायोडाटात जी ओळ लिहाल तिच्यावर प्रश्न येणार. कंपनीला तुमच्याकडून फार ज्ञानाची अपेक्षा नसते. लिहिलंय ते खरं आहे का आणि हा माणूस लाइनवर टिकेल का, एवढंच बघायचं असतं.

१. आधी कागद, मग अर्ज

पोरं आधी अर्ज करतात आणि कागद जॉइनिंगच्या आदल्या दिवशी शोधतात. उलटं करा. दहावी, बारावी किंवा आयटीआय, डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये नीट स्कॅन केलेली पीडीएफ. मूळ प्रती दाखवायच्या, कुणाकडे ठेवायच्या नाहीत. 'ओरिजिनल जमा करा, सोडताना परत देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

सर्वात जास्त घोळ होतो तो नावाचा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. क्रम वेगळा असला तरी सहसा चालून जातं. अडतं ते स्पेलिंगवर. गुणपत्रिकेवर 'दत्तात्रय' एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पॅनवर वडिलांचं नावच गायब, आणि बँकेत फक्त इनिशियल. पीएफचं खातं आधारवरून उघडतं, पगार बँकेत जातो, पडताळणी गुणपत्रिकेवरून होते. तिन्हीकडे तीन माणसं दिसली की जॉइनिंग अडकतं. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या, मग पॅन आणि बँक त्याप्रमाणे करा. याला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न बघता शेवटच्या सेमिस्टरलाच सुरुवात करा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, आणि तो वडिलांचा नसून तुमचा आहे ना, हेही बघा. ओटीपी आला आणि बाबा शेतात, फोन घरी, असं नेहमी होतं.

काही कंपन्या पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही मागतात. तो महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. मागितल्यावरच काढा.

२. बायोडाटा: एक पान, तेही खरं

बायोडाटा इंग्रजीतच लिहायचा असतो, पण काय लिहायचं ते मराठीत ठरवा. आमच्याकडे येणाऱ्या बायोडाटांपैकी बहुतेकांचं पहिलं वाक्य तेच असतं: आव्हानात्मक वातावरणात कौशल्यं वापरून संस्थेच्या प्रगतीला हातभार वगैरे. कॉलेजात एकाने कुठूनतरी उतरवलं आणि सगळ्या बॅचने त्याचं कॉपी-पेस्ट केलं. ते काढून टाका. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, छंद क्रिकेट, हेही काढा. लग्नाचा बायोडाटा वेगळा.

त्या जागेत हाताने काय केलंय ते लिहा. 'वर्कशॉपचे ज्ञान' या ओळीतून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी 'लेथवर फेसिंग, स्टेप टर्निंग, चॅम्फरिंग केलं. जॉब व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने तपासला' असं लिहिलं (जॉब म्हणजे मशीनवर बनवलेला तुकडा) की समोरचा लगेच विचारतो, कोणत्या मटेरियलचा जॉब होता? तुम्ही म्हणता, माइल्ड स्टीलचा. बोलणं सुरू झालं. मुलाखत म्हणजे बरीचशी हीच.

सॉफ्टवेअरच्या ओळीत जरा सांभाळून. सहा आठवड्यांचा कोर्स केला म्हणून कॅटिया, सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, अन्सिस अशी रांग लावू नका. कॅटिया लिहिलंत तर मी विचारणार, 'पॅड आणि शाफ्ट या कमांडमध्ये फरक काय?' पॅडने प्रोफाइलला जाडी देऊन ठोकळा उभा करतात, शाफ्टने तेच प्रोफाइल अक्षाभोवती फिरवतात. ज्याने खरंच काम केलंय तो हातानेच फिरवून दाखवतो. ज्याने फक्त सर्टिफिकेट आणलंय तो छताकडे बघतो.

प्रोजेक्टचंही तेच. प्रोजेक्ट तयार करून देणारी दुकानं कुठे आहेत हे कॉलेजात सगळ्यांना माहीत असतं, आणि आम्हालाही माहीत आहे. विकत आणलेला असेल तरी त्याचं मागे-पुढे शिकून घ्या. मोटर किती वॉटची, गिअर रेशो किती, ती निवडली का, कुठे अडलं, खर्च किती आला. चार जणांच्या गटात तुमच्या वाट्याला फक्त वेल्डिंग करून आणणं आलं असेल, तर 'मी वेल्डिंगचं काम पाहिलं' असं सांगा. ते चालतं. 'आम्ही सगळ्यांनी मिळून केलं' हे उत्तर मात्र आजवर कुणाला पटलेलं नाही.

इंडस्ट्रियल ट्रेनिंग कुठे केलं, तिथे कोणतं मशीन होतं, कोणता पार्ट बनत होता, हे लिहा. एटीकेटी राहिली असेल, ईयर डाऊन गेलं असेल, तर वर्षं लपवू नका. पासिंगची वर्षं मोजली की गॅप दिसतोच. विचारल्यावर एका वाक्यात कारण आणि पुढच्या वाक्यात त्या काळात काय केलं ते सांगा.

शेवटचं किरकोळ: ईमेल आयडी नावाचा असू द्या, बारावीत काढलेला 'किलर', 'किंग' नको. फाइलला स्वतःचं नाव आणि ट्रेड द्या. 'न्यू बायोडाटा फायनल २' नावाच्या फाइली एचआरकडे ढिगाने पडलेल्या असतात.

३. अर्ज कुठे करायचा

कॉलेजचा टीपीओ (प्लेसमेंट बघणारे सर), नोकरी डॉट कॉम, अपना, इंडीड, लिंक्डइन हे सगळ्यांना माहीत आहे. शासनाचं महास्वयम पोर्टल आहे, त्यावर नोंदणी करून ठेवा. जिल्ह्याजिल्ह्यांत रोजगार मेळावे होतात त्यांची माहिती तिथे येते. मेळाव्यात गर्दी असते, पण एका दिवसात चार-पाच कंपन्यांसमोर बसून बोलायची सवय होते. नोकरी नाही लागली तरी ती फेरी फुकट जात नाही.

माझ्या मते नव्या मुलाने आधी बघावी ती अप्रेंटिसशिप. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी नॅट्स आणि मुख्यतः आयटीआयवाल्यांसाठी नॅप्स अशी दोन पोर्टलं आहेत. तिथे नोंदणी करून थेट कंपन्यांकडे अर्ज करता येतो. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला महिन्याला किमान ८,०००, पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. पैसे कमीच आहेत, हे खरं. त्याच गावचा दोस्त कंत्राटदाराकडे लागून पंधरा-सोळा हजार घेत असतो आणि तुम्हाला हसत असतो. पण चांगल्या प्लँटमधलं वर्षभराचं सरकारमान्य प्रशिक्षण आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र पुढच्या मुलाखतीत बोलतं. कंत्राटावर सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात. मग दुसरा कंत्राटदार, दुसरी कंपनी, पुन्हा नवखे. घरची अडचण असेल तर कंत्राट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. निवड करायची मुभा असेल तर अप्रेंटिसशिप घ्या.

ओळखीचा फायदा होतो, पण तो वेगळ्या अर्थाने. आत काम करणाऱ्या गाववाल्याला 'मला लावून घे' म्हणण्यापेक्षा विचारा: जागा कोणत्या विभागात आहे, पगार कंपनीच्या नावावर होतो की कंत्राटदाराच्या, टेस्ट घेतात का, बस कुठून सुटते. ही माहिती कुठल्याही जाहिरातीत नसते.

आणि पैसे. रजिस्ट्रेशनचे पाचशे, युनिफॉर्म आणि सेफ्टी शूजचे दोन हजार, 'साहेबांचं बघावं लागतं' म्हणून अजून काही. हे मागणारा माणूस नोकरी विकत नाही, तुम्हाला विकतो. नीट चालणारी कन्सल्टन्सी आपले पैसे कंपनीकडून घेते. मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं, मुलाखतच झाली नाही आणि डिपॉझिट भरायला सांगितलं, तर ते खोटं आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; जितका उशीर तितकं अवघड.

४. लेखी परीक्षा: गणित शॉपफ्लोअरचं

ट्रेनी किंवा अप्रेंटिससाठी बहुतेक ठिकाणी छोटी लेखी परीक्षा असते. थोडं सामान्य गणित, थोडी आकडेमाला, थोडा ट्रेडचा भाग. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम, मिलिमीटर-मायक्रॉन-इंच (१ मिमी म्हणजे १,००० मायक्रॉन, १ इंच म्हणजे २५.४ मिमी) एवढं पक्कं करा. कॅल्क्युलेटर मिळेल असं धरू नका. दशांश चिन्हाचा भागाकार हाताने करून बघा, कारण तिथेच हात अडतो.

अशी उदाहरणं सोडवा. आठ तासांची शिफ्ट, त्यात अर्धा तास जेवण, दहा-दहा मिनिटांचे दोन चहा. एका पार्टचा सायकल टाइम, म्हणजे तो बनायला लागणारा वेळ, ४५ सेकंद. शिफ्टमध्ये किती पार्ट निघतील? ४८० मिनिटांतून ५० गेली, उरली ४३०. त्याचे सेकंद २५,८००. भागिले ४५, म्हणजे ५७३ पूर्ण पार्ट. पुढचा प्रश्न तयारच असतो: ५,००० पार्टमध्ये ३ रिजेक्ट, तर पीपीएम किती? दहा लाखांमागे किती ते काढायचं, ६००. फॉर्म्युला आठवण्याची गरज नाही, साधं त्रैराशिक आहे.

ट्रेडच्या भागात सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटी तपासायची सात साधनं), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), फाइव्ह व्हाय (पुन्हा पुन्हा 'का' विचारून मूळ कारण शोधणं), पोका-योके (चूक होऊच नये अशी रचना), सीएनसीचे म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनचे सोपे कोड (जी०० रॅपिड, जी०१ सरळ कटिंग, जी०२ आणि जी०३ वर्तुळाकार, एम०३ स्पिंडल चालू, एम३० प्रोग्रॅम संपला) हे येतंच. फाइव्ह एसची जपानी नावं पाठ करून म्हणून दाखवणारे खूप येतात. त्यातला दुसरा, 'सेइतोन', म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, हे तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कुठे दिसलं असं विचारलं की गप्प होतात. एकेक उदाहरण तयार ठेवा.

आयटीकडे वळलेल्यांना घरी बसून वेबकॅमसमोर परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडेही काही मोठ्या कंपन्या आता तसंच करतात. मग चांगलं नेट, चार्ज केलेला लॅपटॉप, एकटी खोली. स्क्रीन सोडून दुसरी विंडो उघडलीत की नोंद होते. कॉट बेसिसच्या (एका कॉटपुरतं भाडं भरायच्या) खोलीत सहा जण असतील तर त्या दोन तासांपुरतं मित्राच्या घरी जा.

५. प्रॅक्टिकल: व्हर्नियर हातात देतात

इथे मुलं सर्वात जास्त गळतात, आणि इथेच सर्वात कमी तयारी असते. टेबलावर एक टर्न केलेला जॉब, एक व्हर्नियर आणि ड्रॉइंगचा कागद. 'माप घे.'

पहिली गोष्ट: जबडे पुसा, बंद करा, झीरो जुळतोय का बघा. एवढं केलंत तरी समोरच्याच्या मनात अर्धे मार्क पडतात, कारण निम्मी मुलं थेट जॉबला लावतात. मग लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप. मेन स्केलचा एक भाग १ मिमी, व्हर्नियरच्या ५० भागांत मेन स्केलचे ४९ मिमी बसतात, म्हणून ०.०२ मिमी. समजा व्हर्नियरचा शून्य २४ च्या पुढे थांबलाय आणि अठरावी रेघ मेन स्केलच्या रेघेशी तंतोतंत जुळतेय. १८ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३६. माप २४.३६ मिमी. मायक्रोमीटर असेल तर लीस्ट काउंट ०.०१, आणि रॅचेटने घट्ट करायचं, थिंबल पिळून नाही. डिजिटल व्हर्नियरवर शिकलेल्यांनी एकदा साध्या व्हर्नियरवर सराव करावाच. मुद्दाम तोच देतात.

आता ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ आणि टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे ०.०५ लिहिलाय. माप आलं २४.९४. पास की फेल? खालची मर्यादा २४.९५, म्हणजे फेल. पुढे मी विचारतो, 'आणि २५.०८ आलं असतं तर?' तेही फेल, पण ते पुन्हा मशीनवर लावून कमी करता येतं, रीवर्क. २४.९४ वाल्यावर परत मटेरियल चढवता येत नाही, स्क्रॅप. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, हेच उलटं. लहान निघालेला बोअर रीवर्क होतो, मोठा झालेला जातो. इथपर्यंत जो स्वतःहून बोलत आला त्याला मी सहसा पुढचे अवघड प्रश्न विचारत नाही, गरजच राहत नाही.

प्लग गेज दिला तर गो बाजू भोकात जायला हवी, नो-गो अडायला हवी. दोन्ही गेल्या तर भोक मोठं झालंय. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं चिन्ह (पार्टची कुठली बाजू कागदावर कुठे काढलीय ते सांगणारं) बघायची सवय लावा. आपण कॉलेजात फर्स्ट अँगल शिकतो. अमेरिकन, जपानी, कोरियन ग्राहकांची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतात, आणि चाकण-तळेगावात असे ग्राहक भरपूर आहेत. चिन्ह न बघता वाचलेल्या ड्रॉइंगमध्ये भोक भलत्याच बाजूला जातं.

असेंब्ली लाइनसाठी हाताची चपळाई बघतात. ठराविक वेळात नट-बोल्ट लावणं, दोन्ही हातांनी पिना बसवणं. घाई करून पाडापाड करू नका, खाली पडलेला पार्ट उचलून तसाच लावू नका. बाजूला ठेवा आणि सांगा. ते बघण्यासाठीच कुणीतरी कडेला उभं असतं.

६. मुलाखतीच्या दिवशी

गेटवर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नोंद, आधार दाखवणं, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. कुणी बोलावलंय त्याचं नाव आणि विभाग माहीत असू द्या. 'एचआरने बोलावलंय' एवढ्यावर अर्धा तास बाहेर उभं राहावं लागतं. खिशात तंबाखू-गुटख्याची पुडी असेल तर ती गेटवरच निघते आणि मुलाखत तिथेच संपते. बंद बूट घाला, चप्पल-सँडलवर शॉपफ्लोअरला सोडत नाहीत. कडं, अंगठ्या, लोंबणारी ओढणी, मोकळे केस, हे सगळं फिरत्या मशीनजवळ धोक्याचं. आल्या-आल्या ते नीट केलेलं दिसलं तर सेफ्टीचं वेगळं विचारावं लागत नाही.

'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर घरी मोठ्याने म्हणून बघा. नाव, गाव, कॉलेज, टक्के हे समोरच्या कागदावर आहेच, ते दोन वाक्यांत उरका. पुढे असं काहीतरी: 'ट्रेनिंगला मी सीएनसी टर्निंगच्या सेक्शनला होतो. ऑपरेटर दर अर्ध्या तासाने पार्ट तपासून शीटवर लिहायचे, ते काम मी शेवटच्या आठवड्यात केलं. इन्सर्ट झिजला की माप हळूहळू वाढत जातं हे तिथे पाहिलं.' एवढं पुरे. मिनिटभराचं आहे आणि यातल्या प्रत्येक वाक्यावर पुढचा प्रश्न तुम्हाला येणाराच आहे.

भाषेचा बाऊ करू नका. ओळख इंग्रजीत करून द्यायची तयारी ठेवा, तांत्रिक उत्तर अडलं तर 'सर, मराठीत सांगू का?' किंवा 'हिंदीत सांगतो' असं विचारून घ्या. पॅनलवर दाक्षिणात्य किंवा उत्तरेकडचे साहेब असतात, त्यांना हिंदी चालते. मोडकं इंग्रजी बोलून चुकीचा अर्थ जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. येत नसेल तर 'नाही माहीत सर' म्हणा. अंदाज मारायचा असेल तर अंदाज आहे हे सांगून मारा.

मग येतात ते प्रश्न, जे कोणत्याच पुस्तकात नाहीत. 'राहणार कुठे?' याला 'बघतो' हे उत्तर नको. भोसरी, मोशी, चाकण, जिथे कॉट मिळते तिथलं भाडं विचारून या. कंपनीची बस कोणत्या मार्गाने जाते तेही. 'तिन्ही शिफ्ट चालतील का?' रात्रपाळी जमणार नसेल तर आत्ताच सांगा. 'घरी शेती किती?' हा प्रश्न तुमच्या श्रीमंतीचा अंदाज घ्यायला नसतो. पेरणी, काढणी, गणपती, दिवाळीला लाइनवर निम्मी माणसं नसतात, हा इथल्या प्रत्येक सुपरवायझरचा ताप आहे. भाऊ किंवा वडील बघतात, मला फार तर दोन दिवस लागतील, असं स्पष्ट सांगा.

'पुढे डिग्री करणार का?' यावर बरीच पोरं पटकन 'नाही' म्हणतात आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की फोन बंद. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचंही तसंच. कंपनीला हे नवीन नाही. शिकायचं असेल तर 'एक वर्ष पूर्ण काम करणार, त्यानंतर पार्ट टाइम बघेन' असं सांगणाऱ्याला मी घेतलेलं आहे. जॉइन होऊन तिसऱ्या आठवड्यात न सांगता गेलेल्याचं नाव मात्र एचआर विसरत नाही, आणि त्याच्या कॉलेजमधून पुढच्या वर्षी मुलं बोलवायची का, यावरही मग बोलणं होतं.

शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणाले तर नक्की विचारा: कोणत्या विभागात घालणार, पगार कोणाच्या पेरोलवर, प्रशिक्षणाचा काळ किती, नंतर पर्मनंट होण्याची पद्धत काय.

७. मेडिकल

डोळे, रंग ओळखणं, ऐकणं, रक्तदाब, रक्त-लघवी. ठिपक्यांतून आकडा ओळखायच्या चाचणीत रंगांधळेपणा कळतो, आणि बऱ्याच जणांना तो आयुष्यात पहिल्यांदा तिथेच कळतो. वायरिंग किंवा पेंट शॉपला ते चालत नाही, पण दुसरा विभाग असतो, तसं विचारा. चष्मा असेल तर घालूनच जा. आदल्या रात्री एसटीत जागून थेट तपासणीला आलात तर रक्तदाब वर जातो. शक्य असेल तर एक दिवस आधी या.

८. पगाराचा आकडा वाचायला शिका

'सीटीसी वीस हजार' ऐकून घरी वीस हजार सांगू नका. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८,००० आणि त्यातला बेसिक (मूळ पगार) १२,०००. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, १,४४० कापला जाईल. ईएसआयसी (कामगार विमा), महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना, ०.७५ टक्के, म्हणजे १३५. प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत तो माफ आहे. हातात उरले १६,२२५. त्यातून कँटीन आणि बस कापत असतील तर अजून कमी. उरलेले पैसे कुठे गेले? कंपनीने तुमच्या पीएफमध्ये भरलेले १,४४० आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के, ५८५, हेही सीटीसीत धरलेत. एकूण २०,०२५. यात फसवणूक नाही, पण खोलीभाडं आणि मेस ठरवताना १६ हजारांवरूनच ठरवा. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआयसी लागू नाही, त्याचं विद्यावेतन तसंच हातात येतं.

ऑफर लेटर किंवा नेमणूकपत्रावर कंपनीचं की कंत्राटदाराचं नाव आहे, पद 'अप्रेंटिस', 'ट्रेनी' की 'ऑपरेटर', नोटीस किती दिवसांची, बाँड आहे का आणि असला तर किती वर्षांचा, एवढं सही करण्याआधी वाचा. फोटो काढून घरी पाठवा. 'नंतर देतो' म्हणत महिना गेला तर दर आठवड्याला आठवण करा, कारण पुढच्या कंपनीत अनुभव दाखवायला हाच कागद लागणार.

जॉइन झाल्यावर पहिल्या पगाराच्या स्लिपवर तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर आहे का बघा. पीएफ कापला जातोय पण भरला जातोय का हे उमंग ॲपवर पासबुक उघडून कळतं. दोन-तीन पगार झाले की एकदा उघडाच. रक्कम दिसत नसेल तर आधी कंत्राटदाराच्या माणसाला विचारा. त्याने टोलवाटोलवी केली तर कंपनीच्या एचआरकडे जा. कंत्राटदाराने नाही भरला तर मूळ कंपनीला भरावा लागतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे एचआरच्या एका फोनवर तो हलतो.